समितीचा अहवाल जातो कुठे?

बाईवर अत्याचाराची मोठी घटना घडली की दोन गोष्टी ठरलेल्या. पालकमंत्र्यांची भेट आणि समितीची घोषणा. घोषणेची बातमी आम्ही पहिल्या पानावर लावतो. अहवाल सादर झाल्याची आतल्या पानावर, दोन परिच्छेद. आणि त्या अहवालाचं पुढे काय झालं, ही बातमी? वीस वर्षं या धंद्यात आहे, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली असेल. म्हणून आज जरा मागे जाऊ.

१९२८ साली इंग्रज सरकारने संमतिवयाच्या प्रश्नावर समिती नेमली. अध्यक्ष होते अमरावतीचे वकील सर मोरोपंत जोशी, म्हणून ती ‘जोशी समिती’. सदस्यांत दोनच बायका: रामेश्वरी नेहरू आणि एक इंग्रज डॉक्टर. समिती देशभर फिरली. डॉक्टर, वकील, शास्त्री, मौलवी, सुधारक, सनातनी अशा शेकडो लोकांच्या साक्षी घेतल्या. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात मुली कशा मरतात, हे डॉक्टरांनी सांगितलं. धर्म बुडेल असं सांगणारेही होतेच. समितीने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ असावं असं सुचवलं, जन्म आणि विवाहाच्या नोंदणीचा आग्रह धरला. १९२९ मध्ये शारदा कायदा झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू.

कायदा लंगडाच निघाला. लागू होण्याआधीच लोकांनी घाईघाईने बालविवाह उरकून घेतले आणि नंतरही शिक्षा फार थोड्यांना झाली. पण एक काम त्या समितीने पक्कं केलं. साक्षी छापल्या. एकूण नऊ खंड! त्यामुळे आज जवळपास शंभर वर्षांनी कोण काय बोललं होतं ते वाचता येतं. कोणाच्या आजोबांनी कुठली बाजू घेतली, तेही. (काही घराण्यांना ते आवडणार नाही, तो भाग वेगळा.)

दुसरी समिती स्वतंत्र भारतातली. १९७१ साली केंद्राने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला नेमलेली. अध्यक्ष फुलरेणू गुहा, सदस्य-सचिव वीणा मजुमदार. मुंबईच्या कामगार नेत्या मणिबेन कारा आणि मूळच्या मराठी असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे याही त्यात होत्या. १९७४ च्या अखेरीस ‘टूवर्ड्स इक्वालिटी’ हा अहवाल आला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. हजार पुरुषांमागे १९०१ मध्ये ९७२ बायका होत्या, १९७१ मध्ये उरल्या ९३०. प्रगती झाली म्हणत होतो आणि बायका कमी होत होत्या.

या अहवालातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती असहमतीची नोंद. कायदेमंडळात महिलांना राखीव जागा नकोत, असं समितीच्या बहुमताचं मत होतं. वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी वेगळं मत नोंदवलं. तेव्हा ते हरलेलं मत होतं. २०२३ साली संसदेने महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती केली, तेव्हा वाटलं, बरं झालं ती नोंद कुणी फायलीतून काढून टाकली नाही.

केंद्रात आणि राज्यांत महिलांसाठी कायद्याने आयोग असावेत, ही शिफारसही याच अहवालात होती. ती अमलात यायला दीड दशक लागलं. राष्ट्रीय आयोगाचा कायदा १९९० चा, आयोग १९९२ मध्ये आला. महाराष्ट्राचा आयोग १९९३ चा आणि लगेच १९९४ मध्ये राज्याचं महिला धोरण. देशात असं धोरण आणणारं आपलं पहिलं राज्य, हे भाषणात नेहमी ऐकता.

भाषणात जे ऐकायला मिळत नाही ते असं. आयोगाचं अध्यक्षपद २००९ नंतर काही वर्षं रिकामं होतं. मग फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ पुन्हा रिकामं. म्हणजे अख्खा लॉकडाऊन! बाई घरात मारणाऱ्याबरोबरच कोंडलेली आणि तिच्यासाठीच्या खुर्चीवर कोणी नाही. सरकार तेव्हा एका पक्षाचं, आता दुसऱ्याचं, याने फार फरक पडत नाही. कमेंटमध्ये पक्ष काढू नका.

आयोगाने वर्षाचा अहवाल द्यायचा, तो विधिमंडळापुढे यायचा. राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की राज्याशी संबंधित अहवाल राज्याने विधिमंडळात ठेवायचा, सोबत काय कारवाई केली आणि शिफारस मान्य नसेल तर का नाही, हेही द्यायचं. वाचायला फार छान आहे. मी एका कार्यालयात जुन्या वर्षांचे अहवाल मागितले, तर तिथल्या बाबूने शांतपणे विचारलं, “तुम्हाला ते कशाला पाहिजेत?” माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे खरं तर मागायचीच वेळ यायला नको.

सरकारी कागदाला अक्षर असतं. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, क त्याहून कमी आणि ड वर्षभरात रद्दीत. राज्याला २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदाही आहे. बाईचा अर्ज निकाली निघाला की तो कोणत्या गठ्ठ्यात जातो, यावर पुढच्या पिढीला काय कळणार ते ठरतं. तिचं नाव झाकाच, ते झाकलंच पाहिजे. पण तालुका, तक्रारीचा प्रकार, किती महिन्यांनी काय निकाल, एवढं तरी राहू द्या.

बीडचं उदाहरण ताजं आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातायत, ही गोष्ट गावोगावी माहीत होती. उचल घेतलेली, एक खाडा झाला तरी दंड आणि पाळी म्हणजे खाडा. २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर राज्याने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, बातम्या झाल्या.

हा आकडा मोजला गेला म्हणून आज सांगता येतो. आता दर हंगामाला तसंच मोजून, त्याच रकान्यांत, १३,८६१ च्या पुढे किंवा मागे काय झालं ते छापायला हवं. ऊस दरवर्षी तोडला जातो, टोळ्या दरवर्षी जातात.

तुमच्यापैकी कोणाकडे आयोगाचे १९९३ ते २००९ मधले वार्षिक अहवाल, किंवा जिल्हा-तालुक्याच्या महिला समित्यांची जुनी इतिवृत्तं पडून असतील, घरात, संस्थेत, वाचनालयाच्या माळ्यावर, तर इनबॉक्समध्ये सांगा. मी येऊन स्कॅन करून घेईन. मूळ प्रत तुमच्याकडेच राहील.