वाय-फाय हॉटस्पॉटची बॅटरी बदलणे

वाय-फाय हॉटस्पॉटची बॅटरी बदलणे : सिमकार्ड घालून मोबाइल नेटवर्कवरून एकाच वेळी अनेक उपकरणांना इंटरनेट पुरवणाऱ्या, खिशात मावणाऱ्या डबीतली थकलेली लिथियम-आयन बॅटरी काढून नवी बसवण्याचे काम. नोव्हाटेल वायरलेस या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये ‘मायफाय’ बाजारात आणले आणि डबीचा हा प्रकार रूढ झाला. भारतात ४जी आल्यावर जिओफाय आणि एअरटेलच्या हॉटस्पॉटमुळे तो घरोघरी पोचला. डबीतल्या चिपा आणि अँटेना वर्षानुवर्षे चालतात. बॅटरीचे मात्र तसे नाही; ती वापरली तरी झिजते आणि कपाटात पडून राहिली तरी झिजते.

झिजण्याची कारणे : सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीत आजवर पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी अशा लहान उपकरणांतल्या बॅटरीची क्षमता साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली अवस्था हे तिचे दोन शत्रू. हॉटस्पॉटच्या वाट्याला दोन्ही येतात. रेंज कमी असली की डबी जास्त जोर लावते आणि तापते. शिवाय बरेच जण ती टीव्हीमागे चार्जरला जोडून रात्रंदिवस तशीच ठेवतात. आतल्या द्रावणाचे विघटन होऊन वायू सुटतो आणि बॅटरी फुगते. चार्जर काढताच डबी बंद पडणे हे म्हातारपणाचे लक्षण. मागचे झाकण वर येणे किंवा सपाट टेबलावर डबी डुगडुगणे हे धोक्याचे. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्ज तर मुळीच करू नये.

हा धोका कागदावरचा नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत व्हेरायझनचे ‘एलिप्सिस जेटपॅक’ हे सुमारे २५ लाख हॉटस्पॉट परत मागवण्यात आले. बॅटरी अतितप्त झाल्याच्या १५ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकी ६ प्रकरणांत अंथरूण किंवा जमीन जळाली आणि दोघांना किरकोळ भाजले.

लेबल वाचणे : नवी बॅटरी घेताना दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती एमएएचची देऊ?’ खरे तर हा आकडा सगळ्यांत शेवटी पाहायचा असतो. ह्युआवेचा ई५५७३ हा भारतातही पुष्कळ खपलेला हॉटस्पॉट घेऊ. त्याच्या बॅटरीचा क्रमांक एचबी४३४६६६आरबीसी, लेबलवर ३.८ व्होल्ट, १५०० एमएएच, ५.७ वॉट-तास. १५०० एमएएच म्हणजे १.५ अँपिअर-तास; ३.८ गुणिले १.५ केले की बरोबर ५.७ येतात. त्याच मापाच्या बॅटरीवर कोणी ३००० एमएएच छापले असेल, तर आकडा फुगवलेला आहे असे खुशाल समजावे; तेवढ्या जागेत दुप्पट ऊर्जा मावत नाही.

व्होल्टचा आकडा त्याहून महत्त्वाचा. ३.८ व्होल्टची ही बॅटरी ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज होते, तर नेहमीची ३.७ व्होल्टची ४.२ पर्यंतच. पहिलीच्या जागी दुसरी बसवली तर डबी तिला मर्यादेबाहेर चार्ज करू पाहते; मग सगळी भिस्त बॅटरीतल्या संरक्षक सर्किटवर राहते.

बॅटरीच्या कडेला तीन-चार सोनेरी पट्ट्या दिसतात. त्यांपैकी दोन धन आणि ऋण टोकांच्या. उरलेल्यांतली एक बहुधा तापमान कळवणारी. स्वस्तातल्या काही नकली बॅटऱ्यांत या तापमापकाऐवजी साधा रेझिस्टर टाकलेला असतो. बॅटरी कितीही तापली तरी डबीला ती थंडच वाटते आणि चार्जिंग चालूच राहते. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्या नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बॅटरीचा क्रमांक, व्होल्ट, पट्ट्यांची जागा आणि भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच पैसे द्यावेत. उत्पादनाची तारीखही बघावी. तीन-चार वर्षे दुकानात पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी आधीच अर्धी म्हातारी झालेली असते.

कृती : डबी बंद करून चार्जर काढावा. झाकणाच्या खाचेत नख किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालून झाकण उचकटावे. स्क्रूड्रायव्हर वापरू नये, तो घसरून बॅटरीत घुसू शकतो. अनेक मॉडेलांत वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि आयएमईआय क्रमांक झाकणाच्या आत किंवा बॅटरीखाली छापलेले असतात. त्यांचा आधी फोटो काढून ठेवावा. पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसून नवी बॅटरी पट्ट्यांच्या बाजूने आधी टेकवावी आणि मग खाली बसवावी. जोर लावावा लागला तर बॅटरी चुकीची आहे. ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हा सल्ला निकेल बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियमला त्याची गरज नाही. पहिले चार्जिंग मात्र डोळ्यांसमोर करावे.

डबी कायम एकाच जागी चालवायची असेल, तर बॅटरीवाचून चालणारे मॉडेल सोयीचे. २०१७ मध्ये आलेला नेटगिअरचा नाइटहॉक एम१ त्याची ५०४० एमएएचची बॅटरी काढून नुसत्या ॲडॅप्टरवर चालतो. याउलट काही मॉडेलांत बॅटरी आतच चिकटवलेली असते; ती घरी न उघडता कारागिराकडे न्यावी. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता आल्या पाहिजेत.

जुन्या बॅटरीची विल्हेवाट : पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या जागी, इतर धातूंपासून दूर ठेवावी. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता संकलन केंद्रात देण्याची जबाबदारी ग्राहकाची.