सुकेळी : वसईची बेगमी

फराळाच्या ताटात लाडू-करंज्यांचा थाट असताना सुकेळ्यांची आठवण काढणे कित्येकांना अरसिकपणाचे वाटेल. दिसायला ती काळसर, सुरकुतलेली. परंतु वसईतल्या होळीच्या बाजारात सुकेळ्यांचा पुडा हाती घेतला, की मला त्यात या भूमीचा इतिहासच बांधलेला दिसतो.

वसईच्या वाड्यांचे दुखणे गरिबीचे नव्हते, सुबत्तेचे होते. केळीचा घड पिकू लागला, की सगळी केळी एकदम पिवळी होतात. घरात खाणार किती, शेजारी वाटणार किती? १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे येथे पोर्तुगिजांचा अंमल होता. पुढे मराठे आले, इंग्रज आले. राज्ये बदलली, पण पिकलेले केळे कोणासाठीच थांबले नाही! १८६७ साली विरारहून मुंबईला नित्याची गाडी सुरू झाली, तेव्हा ताज्या मालाला वाट मिळाली. तरीही उरलेल्याचे काय, हा प्रश्न होताच.

त्याचे उत्तर आगाशीकडच्या मंडळींनी उन्हात शोधले. राजेळी जातीची केळी पुरती पिकवायची, सोलायची आणि कित्येक दिवस कडक उन्हात वाळवायची. नंतर ती केळीच्याच वाळल्या पानांत बांधायची. फळही केळीचे आणि वेष्टनही केळीचेच! वरून साखरेचा कणही नको. केळ्यात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असते. ते उडाले की अंगची साखर दाट होते आणि नासवणाऱ्या जंतूंना वाढायला ओल उरत नाही.

हाच प्रश्न फ्रान्समध्ये निकोला आपेर या हलवायाला पडला होता. अन्न बाटलीत बंद करून पाण्यात उकळण्याची कृती त्याने १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. अन्न का टिकते, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. जंतूंचा उलगडा पाश्चरने पुढे अर्धशतकाने केला. म्हणजे आपेर आणि आमच्या आगाशीच्या आजीबाई, दोघेही अनुभवाच्याच शाळेतले!

आज घरोघरी बरण्या आहेत, शीतपेट्या आहेत. पण त्यांचेही कायदे आहेत. आंबट फळांना उकळत्या पाण्याची आंच पुरते. भाज्यांना पुरत नाही. त्यांना दाबाच्या भांड्यात ११६ अंशांच्या आसपास उष्णता लागते, नाहीतर बंद बरणीत जीवघेणे विष तयार होऊ शकते. गोठवण्याला उणे १८ अंशांची थंडी हवी, आणि ती अखंड हवी. केळ्याला तर थंडीचे वावडेच. तेरा अंशांखाली त्याची साल काळवंडू लागते. गोठवलेला गर टिकतो खरा, पण बाहेर काढला की लिबलिबीत होतो. सुकेळ्याला ना वीज लागते, ना डबा.

त्याला लागते एकच गोष्ट : राजेळीची वाडी. २००९ साली वसई-विरारची महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, अजूनही राहत आहेत. माणसाला घर हवेच, त्याबद्दल तक्रार कशी करावी? परंतु वाचकहो, पिकलेले टिकवण्याच्या युक्त्या माणसाने पुष्कळ काढल्या. न पिकलेले टिकवण्याची युक्ती अद्याप कोणाला साधलेली नाही. म्हणून यंदा लाडवांच्या शेजारी एखादे सुकेळे जरूर ठेवा. त्याला गिऱ्हाईक राहिले, तर कदाचित राजेळीलाही जागा राहील.