डोअरस्टॉप (संगणक आज्ञावली)

डोअरस्टॉप ही आवश्यकता व्यवस्थापनासाठी वापरली जाणारी मुक्त स्रोत आज्ञावली आहे. एखाद्या प्रणालीने काय केले पाहिजे हे सांगणाऱ्या विधानांना आवश्यकता म्हणतात. डोअरस्टॉप ही विधाने साध्या मजकूर फाइलींमध्ये साठवते. या फाइली प्रकल्पाच्या सोर्स कोडबरोबरच आवृत्ती नियंत्रणाखाली जतन केल्या जातात. आज्ञावली पायथन भाषेत लिहिलेली असून एलजीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली विनामूल्य उपलब्ध आहे. जेस ब्राउनिंग व रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी २०१४ मध्ये शोधनिबंधाद्वारे तिची मांडणी केली.

पार्श्वभूमी

प्रणाली उभारण्यापूर्वी आवश्यकता लिहून काढण्याची पद्धत जुनी आहे. अशा दस्तऐवजाचा आराखडा आयट्रिपलई संस्थेच्या ८३० क्रमांकाच्या मानकाने १९९८ च्या आवृत्तीत सांगितला होता. २०११ मध्ये त्याची जागा २९१४८ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. मात्र दस्तऐवज एकदा लिहून झाला की तो बाजूला पडतो आणि काम पुढे जाते. आवश्यकता बदलल्यावर तिच्यावर आधारलेली चाचणीही बदलली का, हे पाहणारे कोणी उरत नाही.

या उणिवेची किंमत मोठी असू शकते. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. यानाच्या प्रणोदकांसंबंधीची आकडेवारी न्यूटन-सेकंद या एककात द्यावी, असे लेखी विनिर्देशात नमूद होते. जमिनीवरील एका आज्ञावलीने ती पौंड-बल-सेकंदात दिली. आवश्यकता लिहिलेली होती, परंतु तिचे पालन झाल्याची पडताळणी झाली नाही.

मोठ्या उद्योगांमध्ये या कामासाठी डोअर्ससारख्या सशुल्क आज्ञावल्या वापरल्या जातात. टेलिलॉजिक कंपनीच्या संपादनानंतर २००८ मध्ये डोअर्स आयबीएमकडे आली. महाविद्यालये, लहान संस्था आणि स्वयंसेवी गट यांना मुक्त स्रोत साधने अधिक सोयीची ठरतात. भारत सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले.

रचना

डोअरस्टॉपमध्ये प्रत्येक आवश्यकतेची स्वतंत्र फाइल असते. ती यॅमल या सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात असते. एकाच प्रकारच्या आवश्यकतांचा एक फोल्डर म्हणजे एक दस्तऐवज होय. प्रत्येक दस्तऐवजाला ठरावीक उपसर्ग असतो आणि त्यापुढे क्रमांक लागून आवश्यकतेची ओळख तयार होते, उदाहरणार्थ, आरईक्यू००१. दस्तऐवजांची मांडणी वृक्षासारखी असते. मूळ दस्तऐवज पालक असतो आणि त्याखालील दस्तऐवज अपत्ये असतात. दुवा नेहमी अपत्याकडून पालकाकडे दिला जातो.

फाइलींमध्ये युनिकोड मजकूर चालतो, त्यामुळे आवश्यकतेचे विधान देवनागरीतही लिहिता येते. आज्ञा मात्र रोमन अक्षरांत टंकित कराव्या लागतात. या लेखात त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.

स्थापना

डोअरस्टॉपसाठी संगणकावर पायथनची तिसरी आवृत्ती आणि गिट ही आवृत्ती नियंत्रण प्रणाली असावी लागते. गिटऐवजी सबव्हर्जन किंवा मर्क्युरिअलही चालते. पायथनबरोबर येणाऱ्या पिप या साधनाला ‘पिप इन्स्टॉल डोअरस्टॉप’ अशी आज्ञा दिली की आज्ञावली इंटरनेटवरून उतरवून घेतली जाते. एकाच संगणकावर अनेक प्रकल्प असतील तर प्रत्येकासाठी पायथनचे वेगळे आभासी वातावरण तयार करणे हिताचे असते. इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत, लागणारी सर्व पॅकेजे दुसऱ्या संगणकावर आधी उतरवून तेथून स्थापना करता येते.

डोअरस्टॉप आवृत्ती नियंत्रणाखालील फोल्डरमध्येच चालते. त्यामुळे नव्या प्रकल्पात प्रथम ‘गिट इनिट’ ही आज्ञा द्यावी लागते. ही पायरी राहिल्यास आज्ञावलीला प्रकल्पाचे मूळ ठिकाण सापडत नाही. नवशिक्यांनी प्रथम हेच तपासून पाहणे योग्य ठरते.

प्रारंभिक वापर

जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या व्यापारासाठी ओळखले जाणारे गाव आहे. उदाहरणादाखल, तेथील विद्यार्थ्यांना केळी खरेदीची पावती तयार करणारी प्रणाली बनवायची आहे असे मानू.

‘डोअरस्टॉप क्रिएट’ या आज्ञेला आरईक्यू हा उपसर्ग आणि फोल्डरचे नाव दिले की आवश्यकतांचा दस्तऐवज तयार होतो. चाचण्यांसाठी टीएसटी उपसर्गाचा दुसरा दस्तऐवज निर्माण करताना आरईक्यू हा त्याचा पालक असल्याचे सांगावे लागते. ‘डोअरस्टॉप ॲड’ ही आज्ञा नवी रिकामी आवश्यकता जोडते, तर ‘डोअरस्टॉप एडिट’ ती संपादकात उघडते. तेथे पुढील विधान लिहिता येईल: ‘पावतीवर मालाचे निव्वळ वजन क्विंटलमध्ये छापले जावे.’

टीएसटी००१ या चाचणीत पडताळणीची रीत नोंदवली जाते: ‘२५०० किलो वजनाची नोंद केल्यास पावतीवर २५ क्विंटल दिसावेत.’ त्यानंतर ‘डोअरस्टॉप लिंक’ या आज्ञेने चाचणी आवश्यकतेला जोडली जाते. शेवटी नुसते ‘डोअरस्टॉप’ असे टंकित केल्यास संपूर्ण वृक्षाची तपासणी होते. एखाद्या आवश्यकतेला चाचणीचा दुवाच नसेल तर तसा इशारा मिळतो. पहिल्या तपासणीत तयार झालेल्या नोंदींसह सर्व फाइली गिटमध्ये जतन करून ठेवाव्या लागतात.

बदल आणि पुनरावलोकन

प्रत्येक आवश्यकतेच्या मजकुरावरून डोअरस्टॉप एक सांकेतिक ठसा काढते. चाचणीच्या दुव्यात पालक आवश्यकतेचा ठसा साठवलेला असतो. वरील उदाहरणात कोणी ‘क्विंटलमध्ये’ ऐवजी ‘किलोमध्ये’ असा बदल केला तर आवश्यकतेचा ठसा बदलतो, परंतु चाचणीजवळ जुनाच ठसा राहतो. पुढील तपासणीत आरईक्यू००१ मध्ये पुनरावलोकन न झालेला बदल असल्याचे आणि टीएसटी००१ चा दुवा संशयास्पद असल्याचे कळवले जाते.

हा इशारा दुर्लक्षित राहिल्यास पावतीवरील वजन किलोत आणि भाव मात्र क्विंटलचा असा घोळ होऊ शकतो. एक क्विंटल म्हणजे १०० किलो; त्यामुळे शेतकऱ्याच्या हिशेबात शंभर पटींचा फरक पडेल.

इशाऱ्यानंतर आवश्यकता वाचून ‘डोअरस्टॉप रिव्ह्यू’ ही आज्ञा दिली जाते. चाचणी नव्या विधानाशी जुळवून घेतल्यावर ‘डोअरस्टॉप क्लिअर’ या आज्ञेने दुव्यावरील संशय दूर होतो. दोन्ही आज्ञा सर्व आवश्यकतांना एकदम देता येतात; मात्र न वाचता तसे केल्यास इशारे नाहीसे होतात आणि चूक जागच्या जागी राहते.

प्रकाशन

‘डोअरस्टॉप पब्लिश’ या आज्ञेने सर्व आवश्यकता एचटीएमएल, मार्कडाउन किंवा साध्या मजकुराच्या स्वरूपात वाचनासाठी तयार होतात. एचटीएमएल स्वरूपात कोणती आवश्यकता कोणत्या चाचणीशी जोडली आहे हे दाखवणारा तक्ताही मिळतो. आज्ञांची सवय नसलेल्यांसाठी आवश्यकता एक्सेल फाइलीत निर्यात करून दुरुस्तीनंतर परत आयात करता येतात.

मर्यादा

डोअरस्टॉपचा वापर मुख्यतः आज्ञांद्वारे होतो आणि तिच्यासाठी आवृत्ती नियंत्रणाचे प्राथमिक ज्ञान लागते. त्यामुळे तंत्रज्ञ नसलेल्या सहभागींना ती अवघड वाटू शकते. दोन व्यक्तींनी एकाच वेळी वेगवेगळ्या शाखांवर नव्या आवश्यकता जोडल्यास क्रमांकांची टक्करही होऊ शकते.

लिहिलेली आवश्यकता योग्य आहे की नाही, हे आज्ञावली ठरवू शकत नाही. पावतीवर वजन कोणत्या एककात हवे, हे शेतकरी आणि व्यापारी यांना विचारूनच समजते. एकदा ठरलेली गोष्ट नंतर बदलली आणि तिच्याकडे कोणी पुन्हा पाहिले नाही, एवढेच डोअरस्टॉप दाखवून देते.