सातखणी बुरूज, रेवदंडा

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेल्या रेवदंडा किल्ल्यातील मनोरा. ‘खण’ म्हणजे मजला. मूळच्या सात मजल्यांवरून हे नाव पडले असून आज त्यांपैकी चारच उभे आहेत. पोर्तुगीजांनी १५२४ च्या सुमारास येथे किल्ला उभारला आणि तटाच्या आत चर्च, मठ व वाडे असलेले शहर वसवले. बुरूज म्हणवला जाणारा हा मनोरा वस्तुतः फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या अनुयायांच्या, मठाच्या चर्चचा होय. त्याच्या उंचीमुळे खाडीत शिरणारी गलबते आणि पैलतीरावरील कोर्लईचा किल्ला नजरेच्या टप्प्यात येत असावा. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितीन ज्या चौल बंदरात उतरला, ते शेजारीच आहे. १७४० मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला.

पायथ्याशी जुन्या तोफा गवतात पडून आहेत. भोवतीच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून डोकावणारा हा एकाकी मनोरा येथील सर्वांत बोलका अवशेष आहे, मात्र वरचे मजले ढासळलेले असल्याने तो खालूनच पाहणे इष्ट.