एक्थायमा गँग्रिनोसम

रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या त्वचेवर उठणारा, काळी खपली धरणारा जिवाणुजन्य व्रण. बहुतेक वेळा तो स्यूडोमोनस एरुजिनोसा या जिवाणूमुळे होतो. माती, पाणी, ओली बेसिने अशा दमट जागी हा जिवाणू राहतो. धडधाकट माणसाला तो सहसा बाधत नाही, म्हणून त्याला संधिसाधू म्हणतात. रक्तात शिरलेल्या या जिवाणूशी अशा व्रणांचा संबंध १८९७ साली बार्कर यांनी नोंदवला. विकाराचे नाव हिट्शमन आणि क्रायबिख यांनी दिलेले. रक्ताच्या कर्करोगाचे किंवा केमोथेरपी चालू असलेले रुग्ण, विशेषतः दर मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ५०० हून कमी उरलेले, याला बळी पडतात.

जखम चिघळली तर पू होतो, ठणका लागतो, असे आपण धरून चालतो. इथे ते धरणे जिवावर बेतू शकते. पू हा मुख्यतः लढून मेलेल्या न्यूट्रोफिल पेशींचा असतो. त्या पेशीच नसतील तर पू येणार कुठून? जांघ, काख, गुदद्वाराभोवतालची त्वचा किंवा हातपाय यांवर आधी लाल, बहुधा न दुखणारा ठिपका दिसतो, त्यावर रक्ताळ फोड येतो आणि अनेकदा दिवसभरातच मधला भाग मरून काळा पडतो, भोवती लाल कडे राहते. जिवाणू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात, त्यांची विषे आणि विकरे ऊती पोखरतात, रक्तपुरवठा तुटतो. म्हणून हा ठिपका त्वचारोग न मानता रक्तातल्या संसर्गाची खूण मानला पाहिजे आणि प्रतिजैविके लगेच सुरू केली पाहिजेत.

यावर आक्षेप असा की रक्तात जिवाणू नसतानाही हा व्रण होतो आणि कधी क्लेब्सिएलासारखा दुसरा जिवाणू, कधी फ्युजॅरियमसारखी बुरशी त्याला कारण असते. मग सरसकट तीव्र प्रतिजैविके दिल्याने औषधरोधच वाढणार. आक्षेप खरा आहे, पण तो तपासणीचे महत्त्व सांगतो, थांबण्याचे नाही. आधी रक्ताचा आणि व्रणाच्या कडेच्या तुकड्याचा नमुना घ्यावा आणि लगेच पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम किंवा मेरोपेनेम यांसारखे स्यूडोमोनसवर चालणारे औषध सुरू करावे. कल्चरचा अहवाल एकदोन दिवसांनी येतो, तेव्हा औषध बदलता किंवा आटोपते घेता येते. वाया गेलेले तास मात्र परत मिळत नाहीत. एरवी निरोगी दिसणाऱ्या लहान मुलाला असा व्रण झाला, तर जन्मजात प्रतिकारदोषाची तपासणीही करून घ्यावी. केमोथेरपी घेणाऱ्याच्या अंगावर नवा काळसर डाग दिसला, तर ताप नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.