जमुर्‍याचे गाव

बडोदे शहरात राजवाड्याच्या रस्त्यावर खंडेराव मार्केटची भव्य इमारत उभी आहे. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या राज्यकारभाराला पंचवीस वर्षे पूर्ण होत आली, त्या निमित्ताने १९०६ साली ही वास्तू उभारून ती नगरपालिकेच्या स्वाधीन करण्यात आली आणि पूर्वीचे नरेश खंडेराव महाराज यांचे नाव तिला देण्यात आले. दर्शनी भागात नगराच्या कारभाराच्या कचेर्‍या आणि पाठीमागे भाजी, फळे व फुले यांचा बाजार, अशी तिची मांडणी. याच १९०६ साली बडोदे सरकारने आणखी एक गोष्ट केली आणि ती बाजारापेक्षा पुष्कळच मोठी होती. १८९३ साली अमरेली भागात प्रयोग म्हणून सुरू केलेले सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण त्या वर्षी सार्‍या संस्थानाला लागू झाले. सात ते बारा वयाचे मुलगे आणि सात ते दहा वयाच्या मुली शाळेत गेल्या पाहिजेत, न गेल्यास पालकाने दंड भरला पाहिजे, असा तो कायदा होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात शिक्षणाचे बिल मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचेच उदाहरण होते.

एकाच वर्षी एका राजाने प्रजेला बाजार दिला आणि प्रजेच्या मुलांना शाळा दिली. या दोहोंच्या मध्ये, बाजाराच्या दाराशी, एक मूल मात्र उभेच राहिले. त्या मुलाविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे.

बाजार तेथे खेळ, ही आपल्याकडील जुनी रीत. डोंबारी, गारुडी, दरवेशी, बहुरूपी, गुजरातेतील नट आणि बजाणिये हे सारे बाजाराच्या आश्रयाने जगत आले. त्यांत मदारी म्हणून जो जादूचा खेळ करणारा असतो, त्याच्या हाताखाली एक पोर असते. त्याला ‘जमुरा’ म्हणतात. उस्तादाने विचारावे आणि जमुर्‍याने ‘जी उस्ताद’ म्हणावे, असा संवाद चालतो. खेळाच्या भरात उस्ताद त्या पोराला जमिनीवर निजवतो, अंगावर चादर टाकतो आणि त्याच्या गळ्यावर सुरी फिरवल्याचा देखावा करतो. चादरीवर तांबडा रंग पसरतो. मग उस्ताद हात जोडून म्हणतो की, कोणी जागा सोडू नये, पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. पैसे पडले की पोर उठून बसते. ज्यांनी हा खेळ पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की, लोक जादूचे पैसे देत नाहीत, दयेचे देतात. खेळाची सारी कमाई त्या पोराच्या निपचित पडण्यावर असते, आणि त्या कमाईतील एक पैसाही त्याचा नसतो.

येथे एक भेद प्रथमच केला पाहिजे, नाही तर अन्याय होईल. स्वतःच्या मुलाला दोरीवर चालावयास शिकविणारा डोंबारी आणि दुसर्‍याचे पोर आणून त्याच्यावर पोट भरणारा लबाड खेळवाला हे एक नव्हेत. पहिला आपली पिढीजात विद्या मुलाला देतो, आणि मूल पडले तर त्याचे स्वतःचे काळीज तुटते. दुसर्‍याला मूल म्हणजे हत्यार असते. मोडले की दुसरे आणावे. सरकारला हा भेद फार काळ दिसला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने कित्येक फिरस्त्या जमाती जन्मतःच संशयित ठरविल्या आणि १९५२ साली त्यांची त्यांतून सुटका झाली. म्हणजे, भटक्याच्या मुलाकडे कायद्याची नजर गेली ती उद्याचा गुन्हेगार म्हणून. आजचे मूल म्हणून गेली नाही.

युरोपात याच सुमारास निराळा विचार चालला होता. इटलीतून मुले घेऊन त्यांना परदेशांतील रस्त्यांवर वाजवावयास आणि भीक मागावयास लावणार्‍यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १८७३ साली त्या देशाने फिरत्या धंद्यांत मुले लावण्यास बंदी केली. पुढच्याच वर्षी फ्रान्सने कायदा केला आणि त्यात नेमका वरील भेद घातला. कसरतीचे वा तमाशाचे खेळ करणार्‍याने सोळा वर्षांखालील परके मूल खेळात वापरू नये. स्वतःचे असेल तर ते बारा वर्षांचे तरी असावे. इंग्लंडात १८७९ साली चौदा वर्षांखालील मुलांचे धोक्याचे खेळ बंद झाले.

कायद्याच्या आधी हे दुःख वाङ्मयाला दिसले होते. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’मधील मिन्योन ही दोरीवरच्या खेळ्यांच्या टोळीतील मुलगी. तिला मारणार्‍या नायकाच्या हातून विल्हेल्म पैसे देऊन तिला सोडवितो. कोलोदीचा ‘पिनोकिओ’ १८८३ साली पुस्तकरूपाने आला, म्हणजे इटलीच्या कायद्यानंतर दहा वर्षांनी. त्यात शाळा चुकवून निघालेला पिनोकिओ गाढव होतो आणि सर्कशीला विकला जातो. खेळात पाय लंगडा झाल्यावर ढोलाला कातडे हवे म्हणून त्याची पुन्हा विक्री होते. लहान मुलांसाठी लिहिलेल्या या गोष्टीत खेळवाल्याचा सारा हिशेब आला आहे.

आपल्याकडे सर्कस आली ती याच वर्षांत. किआरिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ मुंबईत झाले, आणि ते पाहून विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास आपली पहिली देशी सर्कस उभारली. खेळ आले, त्यांच्यामागून कायदे मात्र आले नाहीत. छत्रे हे लबाड खेळवाले नव्हेत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ भ्रमिष्टासारखे फिरत असता छत्र्यांनी त्यांना जवळ केले, सर्कशीबरोबर नेले आणि सांभाळले. दुबळ्याच्या अंगच्या गुणावर पैसा मिळत असूनही त्याला माणूस म्हणून वागविता येते, याचा हा दाखलाच आहे.

नाटक मंडळ्यांतही पोरे होतीच. ज्या बडोद्यात आपण बोलत आहोत, तेथीलच भाऊराव कोल्हटकर १८८२ साली कारकुनी सोडून किर्लोस्कर मंडळीत गेले. पण ते जाणत्या वयात, आपल्या मर्जीने गेले. केशवराव भोसले यांची गोष्ट तशी नव्हे. १८९० साली जन्मलेला हा मुलगा पोरवयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत आला आणि शारदेच्या भूमिकेने त्याने महाराष्ट्र वेडा केला. देवलांचे ‘शारदा’ हे नाटक १८९९ चे. लोभी बाप, मधला दलाल आणि गिर्‍हाईक म्हातारा यांच्यात विकल्या जाणार्‍या मुलीचे दुःख तो लहानगा आपल्या गळ्याने गात असे. बडोदे सरकारने १९०४ साली बालविवाहाला प्रतिबंध केला. रंगभूमीवरील शारदेचे दुःख कायद्यापर्यंत पोचले. परंतु ते दुःख गाणार्‍या पोराच्या जागरणाचा, त्याच्या सुटलेल्या शाळेचा आणि आवाज फुटल्यावर पुढे काय, याचा विचार प्रेक्षागृहातील कोणास सुचला असेल असे वाटत नाही.

यावर एक आक्षेप येईल. केशवरावांनी १९०८ साली स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. पुण्याचे दामू धोत्रे लहानपणी मामांच्या सर्कशीत शिरले आणि पुढे अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सर्कशीत वाघसिंहांचे शिक्षक म्हणून गाजले. मग खेळाने त्यांचे वाईट काय केले? आक्षेप खोटा नाही. पण चरित्र लिहिले जाते ते वर आलेल्याचे. ज्याचा पाय मोडला, ज्याचा आवाज गेला, त्याचे नाव कोणत्याच ग्रंथात नसते. आणि धोत्र्यांच्या डोक्यावर मामाचा हात होता, हेही विसरता येत नाही.

तेव्हा १९०६ च्या बडोद्याच्या कायद्याकडे परत वळावे. तो उत्तम कायदा होता, परंतु सक्तीच्या शिक्षणाला गाव लागते. गावची यादी, यादीत पालक, पालकाचे मूल आणि मुलाची शाळा, अशी ती साखळी असते. जमुर्‍याचे गाव कोणते? आज बडोदे, उद्या पाद्रे, परवा डभोई. शिक्षक त्याला हजेरीत शोधीत नाही, कारण तो तेथे कधी नव्हताच. दंड करावा तर पालक कोण? लबाड खेळवाल्याचे खरे कसब हातचलाखीत नसून या मुक्काम हलविण्यात आहे. कायदा एका जागी बसतो आणि खेळ रात्रीतून तालुका ओलांडतो.

पुढचे कायदेही बहुतांशी असेच बसून राहिले. १९३३ साली मुलांची मजुरी गहाण टाकण्याचे करार रद्दबातल ठरले. योग्य मजुरी, मुलाला अपाय नाही आणि फार तर आठवड्याच्या सूचनेने मोडता येणारा असाच करार चालेल, अशी त्यात अट होती. तरीही वर्षानुवर्षांचे कागद करून, विशेषतः नेपाळातून, मुले सर्कशींत आणली जात राहिली. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेने २००६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि १८ एप्रिल २०११ रोजी न्यायालयाने सर्कशीत मुले ठेवण्यास बंदी करण्याचा आदेश दिला. फ्रान्सच्या कायद्याला तेव्हा एकशे सदतीस वर्षे झाली होती. २०१६ च्या दुरुस्तीने चित्रपट, दूरचित्रवाणी, जाहिराती यांतील बालकलावंतांना अटींवर मोकळीक दिली, मात्र सर्कस त्यातून स्पष्टपणे वगळली. २०१७ च्या नियमांनी दिवसाला फार तर पाच तास काम आणि सलग तीन तासांनंतर विसावा ठरविला. कमाईतील निदान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे बँकेत ठेवावयास सांगितली.

या शेवटच्या नियमाचे महत्त्व कोणी फारसे ओळखलेले दिसत नाही. चादरीवर पडणार्‍या पैशांत पोराचाही वाटा असतो, ही गोष्ट त्यात कायद्याने मान्य केली आहे. पण ज्याच्या खेळाला निर्माता आहे, परवानगी आहे, कागद आहे, त्यालाच तो वाटा मिळतो. रस्त्यावरच्या जमुर्‍याच्या नावाने बँकेत खाते निघावयाचे तर आधी त्याला नाव विचारावे लागेल, आणि त्यानंतर गाव.

आपण शिक्षक आहोत. बाजारात खेळ दिसला की घोळक्यात क्षणभर उभे राहतो, चार पैसे टाकतो आणि पुढे जातो. ती दया उस्तादाच्या पिशवीत जाते. त्या पोराच्या हिताचे काही व्हावयाचे असेल, तर खेळ संपल्यावर थांबून त्याला एवढेच विचारावे की, बाळ, तू कोणाचा आणि कोणत्या शाळेत जातोस? त्याच्या आधी उस्तादच उत्तर देऊ लागला, तर काय समजावयाचे ते आपण समजून घ्यावे आणि तेथून पैसे टाकून निघून जाऊ नये.