एन्रॉनचा हिशेब : युनिटचा दर आणि कराराची किंमत

मागच्या वेळी आपण 1991 च्या आर्थिक संकटाबद्दल बोललो. आज त्याच संकटातून आपल्या कोकणात उभ्या राहिलेल्या एका प्रकल्पाकडे पाहायचं आहे.

दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की वाशिष्ठीची खाडी ओलांडून आपण धोपाव्याला, म्हणजे गुहागर तालुक्यात उतरतो. तिथून जवळच अंजनवेल. तिथे गोपाळगडाचा तट आहे आणि त्याच परिसरात वीजकेंद्राच्या चिमण्या. नाव 'दाभोळ प्रकल्प', पण जमीन गेली ती खाडीच्या अलीकडची, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांची. आपण सगळे त्याला 'एन्रॉन' म्हणतो.

एन्रॉनबद्दल बोलताना दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, भ्रष्टाचार झाला. दोन, राजकारण झालं. या दोन्ही चर्चा होऊ द्या. माझा आजचा प्रश्न वेगळा आहे : सगळे अगदी प्रामाणिक होते असं धरलं, तरी हा प्रकल्प परवडणारा होता का? आणि ते आधी कळण्यासारखं होतं का?

आधी घटनाक्रम पाहू. 1991 मध्ये परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाली होती आणि वीजमंडळांकडे नवी केंद्रं बांधायला पैसा नव्हता. केंद्राने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. 20 जून 1992 रोजी एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा निघालीच नाही. डिसेंबर 1993 मध्ये वीजखरेदी करार झाला. प्रकल्पाचे दोन टप्पे होते, मिळून दोन हजार मेगावॉटच्या वर, आणि इंधन म्हणून आयात केलेला द्रवरूप नैसर्गिक वायू.

आता हिशेब. हा भाग जरा नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे.

समजा, तुम्ही एका खानावळीशी करार केलात. महिन्याला साठ जेवणं, तीन हजार रुपये. म्हणजे ताट पन्नास रुपयांना पडलं. पण अट अशी की, तुम्ही जेवा अथवा न जेवा, खानावळवाल्याने स्वयंपाक तयार ठेवला की तीन हजार द्यायचेच. एखाद्या महिन्यात तुम्ही वीसच वेळा जेवलात, तर तेच ताट दीडशेला पडलं. खानावळवाल्याने दर वाढवला का? नाही. करारातला एक आकडाही बदलला नाही, तरी दर तिप्पट झाला.

वीजखरेदी कराराचं गणित असंच होतं. एक स्थिर आकार : केंद्र चालू स्थितीत उपलब्ध असलं की तो द्यायचाच, वीज घ्या किंवा नका घेऊ. दुसरा इंधनाचा आकार, जितकी वीज घ्याल तितका. म्हणजे 'युनिटला अमुक रुपये' हे जे वर्तमानपत्रात छापून यायचं, ते केंद्र जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालेल या गृहीतकावर उभं होतं.

मग पूर्ण क्षमतेने वीज घेणार कोण? राज्याची मागणी दिवसभर सारखी नसते. संध्याकाळी चढते, मध्यरात्रीनंतर उतरते. रात्री मंडळाकडे कोराडी, चंद्रपूर इथली कोळशावरची स्वस्त वीज होतीच. गुहागरची महाग वीज घ्यायची, तर ते स्वस्त संच मागे घ्यावे लागणार. आणि नाही घेतली, तर स्थिर आकार अंगावर. दोन्हीकडून तोटा.

ही टीका मागाहून सुचलेली नाही. 1993 मध्येच जागतिक बँकेने या प्रकल्पाला पाठिंबा द्यायला नकार दिला होता. कारण हेच होतं : आयात वायूवरचं एवढं मोठं केंद्र मागणीच्या मानाने मोठं आहे आणि त्याची वीज महाग पडेल. पुण्याच्या 'प्रयास' गटानेही नव्वदच्या दशकातच कराराचं असंच विश्लेषण मांडलं होतं.

दुसरा मुद्दा चलनाचा. देणं बऱ्याच अंशी डॉलरशी बांधलेलं होतं. करार झाला तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 मध्ये तो 46-47 वर गेला. इंधनही आयातीचं. मंडळ मात्र वीज विकणार रुपयात, आणि त्यातला मोठा वाटा शेतीपंपांना, खर्चापेक्षा कमी दरात. म्हणजे डॉलर वाढला, तेल वाढलं, मागणी घटली, यातला प्रत्येक धोका एकाच बाजूला. वर राज्याची हमी, आणि 1994 मध्ये केंद्राची प्रतिहमी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करत 1995 मध्ये युती सत्तेवर आली आणि ऑगस्टमध्ये करार रद्द केला. पण काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन 1996 च्या सुरुवातीला नवा करार ठरला. दर कमी केला असं सांगितलं गेलं. पण आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला, आणि ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. ताट स्वस्त केलं म्हणून आपण खूश, आणि जेवणं मात्र तिप्पट घ्यायचं कबूल करून बसलो! मे 1996 मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने पायउतार होता होता प्रतिहमीवर शिक्कामोर्तबही केलं. काँग्रेस, युती, केंद्र, राज्य, सगळ्यांचे हात त्या कागदाला लागले आहेत.

मे 1999 मध्ये पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. मागणी कमी, नाफ्ता महाग, रुपया घसरलेला. काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. माधव गोडबोले समितीने एप्रिल 2001 मध्ये निर्णयप्रक्रियेवरच बोट ठेवलं. मेच्या अखेरीस मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे विरोधक बरोबर होते, विषय संपला. तसं नाही. 2005 मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन चालू होतं आणि अंजनवेलला उभी यंत्रणा गंजत होती. वीज लागणारच नव्हती, असं म्हणता येत नाही. चूक वीज हवी म्हणण्यात नव्हती. किती, कधी, कोणत्या इंधनावर आणि कुणाच्या जोखमीवर, हे न विचारण्यात होती.

त्याच वर्षी एनटीपीसी आणि गेल यांनी 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' या नव्या कंपनीमार्फत प्रकल्प हाती घेतला. देशी सरकारी बँकांचं कर्ज अडकलेलं होतंच, तो भार शेवटी सार्वजनिक पैशावर आला. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि 2013 च्या सुमारास निर्मिती पुन्हा थांबली. 2015 पासून रेल्वेला वीज देऊन ती अंशतः सुरू झाली. शेजारच्या वायू टर्मिनलचा लाटारोधक बांध तर इतकी वर्षं अपुरा राहिला की पावसाळ्यात जहाजं लागत नसत. मालक बदलला, करार बदलला, पण 'परवडणारं इंधन कुठून आणायचं' हा 1993 चा प्रश्न तसाच राहिला.

आज त्याच रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर आणि बारसूवरून वाद आहेत. बाजू तुम्ही कुठलीही घ्या. पण कुणी तुम्हाला प्रकल्पाचा 'दर' सांगितला, तर तीन गोष्टी विचारा. हा दर किती वापर गृहीत धरून काढला? देणं कोणत्या चलनात आहे? आणि अंदाज चुकला, तर पैसे कोण भरणार? 1993 मध्ये हे प्रश्न विचारणारे होते. मंडळाने त्यांची उत्तरं सही करण्याआधी द्यायला हवी होती, ती आपण सगळे पुढची वीस वर्षं देत राहिलो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.